नववा रकाना

१

मला खोटं बोलायची सवय नाही, कागदावर खोटं लिहायची मात्र होती. या दोन्हींत फरक आहे असं मला तेव्हा वाटायचं.

माझं काम झाडं तपासायचं. कुठं रस्ता रुंद होणार, कुठं इमारत उठणार, की आधी माझी स्कूटी तिथं जाऊन उभी राहते. झाडाला लाल रंगानं नंबर टाकायचा, टेपनं घेर मोजायचा, लाकडी हातोडीनं खोड ठोकून बघायचं. भरीव खोड टण् वाजतं, पोकळ खोड बद्द. मग एका झाडाला एक अर्ज, अर्जात अकरा रकाने. नवव्या रकान्यात विचारलेलं असतं, 'झाडावर वस्ती आहे काय?' वस्ती म्हणजे घरटी, ढोल्या, मधाची पोळी. सोळा वर्षांत मी तिथं 'नाही' सोडून दुसरा शब्द लिहिला नाही. मान वर केली की माझा चष्मा घसरतो, आणि 'आहे' लिहिलं की शंभर चौकशा मागं लागतात. कोणी सांगितलंय!

नेऱ्याच्या वेशीवर एक जुनी बाग आहे. बाग म्हणजे काय, एकेकाळचं गायरान. त्यात आंबे, करंज, चिंचा मिळून बेचाळीस झाडं, आणि मधोमध त्रेचाळिसावा एक नांद्रुक. नांद्रुक हा वडाचाच चुलतभाऊ, पारंब्या कमी, सावली दाट. याला कवेत घ्यायला चार माणसं कमी पडतील. सकाळी तिथं म्हातारे बसतात, दुपारी पार्सलवाली पोरं गाड्या लावून डुलकी काढतात, संध्याकाळी क्रिकेट. हिंजवडीकडं जाणारा नवा रस्ता नेमका या बागेतून सरळ काढायचा ठरला.

"कल्पनाताई, झाडं बहुतेक धोकादायकच दिसतायत," आमचे साहेब म्हणाले. "दिसतायत ना?"

मे महिना होता. मी ऑफिसच्या गाडीत एसी लावून बसले आणि त्रेचाळीस अर्ज एका दुपारी भरून टाकले. नांद्रुकाचा नंबर सतरा. लिहिलं, 'खोड पोकळ, आतून किडलेले, कोसळण्याचा धोका. वस्ती: नाही.' हातोडी डिकीतच राहिली.

जांब्यात खाणावळ चालवणारी रेश्मा दोनशे लोकांच्या सह्यांची हरकत घेऊन ऑफिसात आली होती. टेबलावर हात आपटून म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, झाडाला हात तरी लावलात का?"

"तुम्ही पोळ्या लाटा, झाडांचं आम्ही बघतो," मी म्हटलं. असं माझं तोंड. या तोंडामुळंच पुढचं सगळं झालं.

२

तोडणी मंगळवारी ठरली. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास अलाउद्दीनभाईंचा फोन आला, की जरा बागेत येऊन जा. अलाउद्दीनभाई पौडचे, तोडणीचे मुकादम, साठीच्या पुढचे. आजोबांपासून करवतीचा धंदा. माणूस सरळ, उगाच बोलावणारा नाही, म्हणून गेले.

नांद्रुकाखाली त्यांनी विड्याचं पान ठेवलं होतं, त्यावर सुपारी, शेजारी पाण्याचा तांब्या.

"हे काय?"

"तीन दिस आधी सांगावं लागतंय, ताई. हितं जे कोन ऱ्हातंय त्यानं दुसरं झाड बघावं म्हनून. आन नुसतं जा म्हनून चालत न्हाई. कुटं जायाचं त्या झाडाचं नाव घ्यावं लागतं. माझा बाप सांगायचा, वढ्यावरच्या आंब्याला जा. मी सांगतो, चिंचेला जा." त्यांनी हात गोल फिरवला. बागेतल्या सगळ्या खोडांवर माझे लाल नंबर होते. बागेपलीकडं पत्र्याची कुंपणं, स्लॅब, सळया, काँक्रीटच्या गाड्या. "ह्या बारीला नाव घ्यायला झाडच ऱ्हायलं न्हाई. सही तुमची हाय. तर तुमीच सांगा."

मला हसू आलं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली मी, आणि हा माणूस मला झाडाशी गप्पा मारायला लावतोय. वर उन्हानं डोकं तापलेलं. मी मोठ्या नाटकीपणानं हात जोडले.

"बरं बाई, मग आमच्याकडं या. सूसला. चौथा मजला, हॉल मोठा आहे, गॅलरीत ऊन येतं. अगदी संकोच करू नका!"

वारा नव्हता. तरीही मी आल्यापासून वर पानांची सळसळ चालू होती, आणि ती चालू आहे हे मला ती थांबली तेव्हा कळलं.

अलाउद्दीनभाई हसले नाहीत. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं.

"घरात कोन कोन हाय तुमच्या?"

"मी, नवरा आणि सासरे."

"सासऱ्यांचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर. का हो?"

त्यांनी तांब्यातलं पाणी बुंध्याशी ओतलं, तांब्या पिशवीत टाकला आणि चालायला लागले.

३

माझे सासरे कुशाबा. मी त्यांना मामा म्हणते. मूळचे नेऱ्याचेच. शेत विकलं आणि निरंजनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हट्टापायी सूसच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले. आल्या दिवसापासून त्यांची कटकट सुरू. लिफ्टला शिव्या, नळाच्या पाण्याला शिव्या, माझ्या भाकरीला रोज शिव्या. "कल्पे, ही भाकर हाय का कौल?" असं म्हणून दोन भाकरी ठेच्याबरोबर खाऊन टाकणार. आमचं दोघांचं भांडण हाच घरातला आवाज. निरंजन दिवसभर कानाला यंत्र लावून कंपनीशी बोलत असतो, त्याला आवाज नसतो.

शनिवारी सकाळी हॉल झाडताना केरसुणीत बारीक गोल फळं आली. हिरवट लाल, वाटाण्याएवढी. सात-आठ असतील. मी एक फोडून बघितलं. नांद्रुकाची होती.

चपलेला चिकटून आली असतील, म्हटलं. केरात टाकली.

चहा ठेवला तेवढ्यात मागं टप् आवाज झाला. मग टप्, टप्. हॉलमध्ये जाऊन बघते तर फरशीवर तीन फळं, आणि त्यांतलं एक अजून गरगरत होतं. वर छत, छताला बंद पंखा. दुसरं काही नाही. कबुतरांनी गॅलरीतून आणली असतील, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. जाळी लावलेली आहे हे मला माहीत होतं.

मामा गॅलरीच्या दाराशी खुर्चीत बसले होते, तोंड उगवतीकडं करून.

"मामा, भाकरी टाकू का?"

"नगं. पानी दे."

मी तांब्या दिला. त्यांनी सगळा तांब्या एका दमात संपवला आणि परत पुढं केला. असे चार तांबे. दुपारी जेवले नाहीत. शिव्याही दिल्या नाहीत. संध्याकाळी बघितलं तर त्यांचं तोंड मावळतीच्या खिडकीकडं होतं. खुर्ची जागची हललेली नव्हती. त्यांना गुडघ्यामुळं आधाराशिवाय उठता येत नाही, आणि आधार द्यायला मी गेले नव्हते.

"तुम्ही फिरवलंत का मामांना?" मी निरंजनला विचारलं.

त्यानं एका कानावरचं यंत्र उचललं. "काय?"

"काही नाही," मी म्हटलं. त्या एवढ्या शांततेत मला सळसळ ऐकू आली. पंखा बंद, खिडक्या बंद, पडदा सरळ लोंबतोय, आणि हॉलच्या छताखाली पानं हलत होती.

४

रविवारी सकाळी खालचे डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मामांच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, कानातून काढून नळी तपासली, परत लावली. मग म्हणाले, "नाडी फार मंद आहे, पण नियमित आहे. वयाचा भाग. पाणी पितायत ना? मग झालं."

ते गेल्यावर मी मामांच्या पायाजवळ बसले. टाचेपासून पोटरीवर तांबड्या मुंग्यांची एक रांग चढत होती, शिस्तीत, रोजचा रस्ता असल्यासारखी. मी ओरडून फडक्यानं झटकली. मामांना काहीच वाटलं नाही.

"मामा, काय होतंय तुम्हाला? बोला की हो!"

"काय न्हाई. ब्येस हाय." त्यांनी हळू मान वर केली, माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी बघितलं आणि ओळखीचं हसले. "बसलाय निवांत."

पाणी पिताना त्यांना ठसका लागला. मी घाईनं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

टण्.

माझा हात तसाच राहिला. हा आवाज मी सोळा वर्षं ऐकलाय. झोपेतसुद्धा ओळखेन. भरीव, निरोगी, जुनं खोड असंच वाजतं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटत होती. त्या म्हाताऱ्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस जात नाही हे मला तोपर्यंत कधी कळलंच नव्हतं. मग डोळे पुसून अलाउद्दीनभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुमच्या घरात झाड न्हाई, ताई," ते म्हणाले. "मग त्यानं ऱ्हायाचं कशात?"

"तो कोण पण?"

"आमी इचारत न्हाई कदी. आमी फकस्त सांगतो, जा म्हनून."

"मग मी सांगते, परत जा म्हणून. आत्ताच सांगते!"

"कुटं जाईल? तुमच्या कागदावर त्ये झाड पोकळ हाय, किडलेलं हाय, पडलेलंच हाय. पडलेल्या झाडात कोन ऱ्हायला जातंय का? आन मंगळवारी तर खरंच पडंल." त्यांनी आवाज खाली केला. "मंगळवारनंतर मला इचारू नगा. मला त्यातलं काय ठावं न्हाई."

५

सोमवारी सात वाजता मी बागेत होते. हातोडी घेऊन.

नांद्रुकाखाली फार शांत होतं. एक पान हलत नव्हतं. मी खोड ठोकलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या, मग बसून मुळांजवळ. टण्, टण्, टण्. कुठंही बद्द नाही. एवढं जुनं झाड आणि आत सुईएवढी पोकळी नाही. मग मी चष्मा एका हातानं धरला आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा मान वर केली.

बुलबुलाची दोन घरटी. एक मधाचं पोळं. एका फांदीच्या बेचक्यात खारीनं भरलेला कापसाचा बोळा. मी मोजत राहिले आणि मोजता मोजता लक्षात आलं की घरट्यांत पिल्लं आहेत, चोची उघड्या आहेत, पण आवाज येत नाहीये. सगळं झाड श्वास धरून बसलं होतं.

उरलेली बेचाळीस झाडंही ठोकली. दोन आंबे खरंच पोकळ निघाले, एका करंजाला वाळवी. बाकी सगळी ठणठणीत. रेश्मा खाणावळीचे डबे पोचवायला स्कूटरवरून चालली होती, ती थांबली.

"आता कशाला आलात? उद्या तर पाडणार."

"रेश्माताई," मी म्हटलं, "मी खोटं लिहिलं होतं. नवा अहवाल देते आज. त्याची प्रत तुम्हाला लागेल, अकरा वाजता ऑफिसात या. आणि त्या दिवशी पोळ्यांचं बोलले, त्याबद्दल माफ करा मला."

तिनं डब्यांची पिशवी खाली ठेवली आणि घेर मोजायला माझ्या टेपचं दुसरं टोक धरलं.

ऑफिसात बसून त्रेचाळीस अर्ज पुन्हा भरले. सतरा नंबर: 'खोड भरीव, निरोगी. कोसळण्याचा धोका नाही.' नवव्या रकान्याशी पेन थांबलं. मी लिहिलं, 'वस्ती: आहे.'

साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "ताई, आधीचा अहवाल तुमचाच आहे. यानं तुमच्यावरच येईल हे कळतंय ना? चौकशी लागेल, बदली होईल."

"होऊ द्या."

"अहो पण का? झालंय काय तुम्हाला?"

"साहेब, आधी मी गाडीतून उतरले नव्हते," मी म्हटलं आणि आवकवाल्या बाईंकडून कागदावर शिक्का मारून घेतला. एक प्रत साहेबांना, एक रेश्माला, एक माझ्या पर्समध्ये.

६

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. दार उघडलं आणि गारवा अंगावर आला, मे महिन्यातला, झाडाखालचा. हॉलभर फळं पडली होती. निरंजन मामांच्या खुर्चीपाशी उभा होता, पहिल्यांदाच कानावर काही न लावता.

"अगं, बाबांना आत झोपवावं म्हणून उचलत होतो," तो म्हणाला. "उचलतच नाहीयेत. हलत पण नाहीत. काय झालंय त्यांना?"

आम्ही दोघांनी मिळून प्रयत्न केला. मामा पन्नास किलोंचे. जमिनीत रोवलेला खांब उचलावा तसं झालं. त्यांचे तळवे फरशीला टेकलेले होते, आणि मला ते सोडवून बघायचा धीर झाला नाही. डोळे उघडे होते, चेहरा शांत. छताखाली पानं सळसळत होती आणि या वेळी ती निरंजनलाही ऐकू येत होती, कारण तो वर बघत होता.

मी पर्समधून कागद काढला. मामांच्या समोर उभी राहिले आणि छताखाली, जिथं ते काल बघून हसले होते तिथं बघून, मोठ्यानं वाचलं. शाळेत धडा वाचावा तसं. नंबर सतरा. नांद्रुक. खोड भरीव. निरोगी. धोका नाही. वस्ती: आहे.

सळसळ थांबली.

"शुक्रवारी मी चेष्टेनं बोलले," मी म्हटलं. "चुकलं माझं. तुमचं झाड उभं आहे, आणि उभं राहावं म्हणून मला जे करता येईल ते करेन. आमच्या मामांना सोडा. आणि घरी जा."

काही झालं नाही. टप् करून एक फळ पडलं. मग मामांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले आणि गुडघा दुखत असल्यासारखे कण्हत, आपणहून उभे राहिले.

"चला," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण सांगत कोण होतं हे मी विचारलं नाही.

गाडी निरंजननं चालवली. मामा मागं मधोमध न बसता एका कडेला सरकून बसले. मी आरशात बघायचं टाळलं.

बागेत भर दुपारी कोणी नव्हतं. मामांना नांद्रुकाच्या बुंध्याशी बसवलं. त्यांनी पाठ खोडाला टेकवली, डोळे मिटले. मी त्यांचा हात धरून बसले आणि वाट बघत राहिले, कशाची ते माहीत नसताना.

आधी सळसळ आली. खालून वर गेली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, आणि वारा अजिबात नव्हता. मग सगळी पिल्लं एकदम ओरडायला लागली. मी चष्मा धरून वर बघितलं.

दाट पानांत, वरच्या आडव्या फांदीवरून, दोन पाय खाली सोडलेले होते. तळव्यांना धूळ. लांबच्या गावाहून दमून आलेल्या माणसानं ओट्यावर बसून पाय सोडावेत तसे, सावकाश, मागं-पुढं. निरंजनला हाक मारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते वर ओढले गेले आणि पानं मिटली.

मामांना जोराचा ठसका लागला. मी पाठीवर थाप मारली.

धप्. मऊ, बरगड्यांचा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"मारतीस का काय गं!" मामा खेकसले. "आन हितं कुटं आणून बशिवलंय उन्हाचं? तीन दिस झालं, कुनी भाकर इचारली न्हाई मला!"

मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. निरंजन पण रडला. मामा दोघांकडं बघत म्हणाले, "येडी झाली समदी."

७

मंगळवारी तोडणीवाले आले. अलाउद्दीनभाईंनी माझा कागद वाचून घेतला, करवती गाडीतच ठेवायला सांगितल्या आणि नांद्रुकाखाली चहा मागवला. काम थांबलं. रेश्माच्या लोकांनी सुनावणीत माझीच प्रत पुढं केली. माझी चौकशी झाली, बदलीही झाली, पण मुळशी तालुक्यातच, म्हणजे काही बिघडलं नाही. पावसाळ्यानंतर नवा नकाशा आला. रस्त्याला बागेपाशी एक वळण पडलंय. अडतीस झाडं राहिली, कडेची पाच जाणार होती.

त्या पाचांच्या तोडणीआधी तीन दिवस अलाउद्दीनभाईंचा फोन आला. मी स्वतः पान-सुपारी घेऊन गेले. पाचही झाडांपाशी उभी राहिले, हात जोडले, या वेळी नाटक न करता. नाव घ्यायला झाड होतं. "नांद्रुकाला जा," मी म्हटलं. "सतरा नंबर. जागा आहे तिथं."

सूसला पोचेपर्यंत स्कूटी हलकी चालली. मी फार जपून तोंड मिटून आले, सिग्नलला एकानं कट मारला तरी शिवी दिली नाही. घरात ठेच्याचा वास येत होता. दाराची कडी वाजली तशी आतून मामांची हाक आली.

"कल्पे, एकलीच आलीस न्हवं?"

"हो मामा. एकटीच."

"मग ये आत. आन भाकर टाक. कालच्यासारखं कौल नगं."